राष्ट्रपतीची निवड आणि झाशीचा मतदार

२० नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांनी मृत्युशय्येवर एका बालकास दत्तक घेतले. कंपनीचे अधिकारी त्या प्रसंगी हजर होते. दुसऱ्याच दिवशी राजे निवर्तले आणि पुढील वर्षी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने दत्तकविधान नामंजूर करून संस्थान खालसा केले. झाशीवर राज्य कोणी करावे, याचा निकाल कलकत्त्यास लागला. येथील रयतेला कोणी विचारलेही नाही. राणी लक्ष्मीबाईंचा पुढील इतिहास आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. रयतेला न विचारण्याची ती रीत पुढे कशी पालटली, हा इतिहास मात्र आपण मुलांना क्वचितच सांगतो.

या बदलात झाशीच्या एका मराठी माणसाचा वाटा आहे. १८९१ साली याच नगरात जन्मलेले वकील व स्वातंत्र्यसैनिक रघुनाथ विनायक धुळेकर हे संविधान सभेचे सदस्य होते. राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा, अशी दुरुस्ती त्या सभेत प्रा. के. टी. शहा यांनी मांडली. राष्ट्रपती हा नामधारी प्रमुख आहे, शिवाय मतदारांची संख्या प्रचंड आहे, असे सांगून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. अखेर संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य राष्ट्रपती निवडतील, असे ठरले. १९५२ च्या निवडणुकीत तेच शहा डॉ. राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभे राहिले. राजेंद्रप्रसादांना ५,०७,४०० आणि शहांना ९२,८२७ मतमूल्य मिळाले. त्या वर्षी लोकसभेवर निवडून गेलेल्या धुळेकरांना या निवडणुकीत मताधिकार होता. झाशीच्या मतदारांचा शब्द त्यांच्याद्वारे राष्ट्रपतिपदापर्यंत पोहोचत होता.

उमेदवार ठरवण्याची पक्षांची रीत मात्र संविधानात लिहिलेली नाही. ती मसलतीची आणि बेरजेची आहे. जुलै १९६९ मध्ये काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बंगळूर येथे बहुमताने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले. पंतप्रधान इंदिरा गांधींना ते मान्य नव्हते. यशवंतराव चव्हाणांनी मात्र रेड्डींच्या बाजूने मत दिले होते. पुढे इंदिराजींनी सद्सद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी विजयी झाले. या लढतीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख, म्हणजेच संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे आपले सी. डी. पहिल्या पसंतीत त्यांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. गिरींना ४,०१,५१५ आणि रेड्डींना ३,१३,५४८. कोणालाच आवश्यक मूल्य गाठता न आल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा थोड्या फरकाने निवडून आले. पक्षश्रेष्ठींनी नाव ठरवले तरी अखेरचा शब्द मतपत्रिका हाती असलेल्या सदस्याचाच असतो, हे त्या दिवशी देशाने पाहिले.

२००७ साली हीच मसलत दुसऱ्या वळणाने गेली. काँग्रेसच्या मनात शिवराज पाटील यांचे नाव होते. परंतु ज्यांच्या पाठिंब्यावर सरकार उभे होते त्या डाव्या पक्षांनी ते स्वीकारले नाही. तेव्हा राजस्थानच्या राज्यपाल, जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांचे नाव पुढे आले. विरोधी आघाडीत असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून त्यांना पाठिंबा दिला. भैरोंसिंह शेखावत यांना पराभूत करून त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. आज उमेदवारी अर्जावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक मतदारांच्या सह्या लागतात. त्यामुळे पक्षांच्या पाठबळावाचून कोणी सहसा रिंगणात टिकत नाही.

आता आपल्या नगराकडे वळू. १९७१ च्या लोकसंख्येच्या आधारे उत्तर प्रदेशातील एका आमदाराच्या मताचे मूल्य २०८ आहे. ते देशात सर्वाधिक आहे. महाराष्ट्रात ते १७५ आहे. झाशी नगर, बबीना, मऊरानीपूर आणि गरौठा या जिल्ह्यातील चार मतदारसंघांचे मिळून ८३२ होतात. खासदारांचे मत वेगळे. शिवाय या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि मतदान गुप्त असते. म्हणून आमदाराचा पक्ष जितका महत्त्वाचा, तितकाच त्याचा विवेकही.

मतदाराची तयारी येथूनच सुरू होते. राष्ट्रपतीच्या निवडणुकीच्या दिवशी आपल्या हाती काहीच उरत नाही; आपले मत आपण आमदार आणि खासदार निवडताना देऊन बसलेलो असतो. तेव्हा मतदार यादीत आपले नाव आहे की नाही, हे आधी पाहावे. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही आता आगाऊ अर्ज करता येतो. दहावी-बारावीच्या पालकांनी हे ध्यानी ठेवावे. उमेदवाराचे शपथपत्र वाचावे. आणि तो मते मागण्यास दारी येईल तेव्हा त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : राष्ट्रपती निवडण्याची वेळ आली, तर आपण कोणत्या कसोटीवर मत द्याल?

१८५३ साली झाशीच्या रयतेला हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आज ती आहे. हीरक महोत्सवाच्या या वर्षी आपल्या शाळेच्या मुलांनी घरी जाऊन हाच प्रश्न थोरांना विचारला आणि थोरांना त्याचे उत्तर देता आले, तर इतिहासाचा तास सार्थकी लागला असे म्हणता येईल.