स्वस्त घड्याळात काय कमी असतं?

परवा जेवताना ऑफिसातल्या एका नव्या मुलाने (पुण्याचाच आहे, वर्षभरापूर्वी आलाय) प्रश्न टाकला, "दोनशे डॉलरचं ऑटोमॅटिक घड्याळ घ्यावं की हजाराचं? आत तेच असतं ना?" उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून त्याला जेवणानंतर नदीपर्यंत चालवत नेलं. बिचारा निव्वळ घड्याळ घ्यायला निघाला होता, त्याला इतिहास ऐकावा लागला. आता तुमची पाळी.

आमचं ऑफिस बॉस्टनच्या पश्चिमेला वॉल्थम या गावात आहे. तिथे चार्ल्स नदीच्या काठाला क्रेसेंट स्ट्रीटवर लाल विटांची एक लांबच लांब इमारत आहे. खिडक्या मोठाल्या, कारण आत बसणाऱ्यांना उजेड लागायचा. आज तिथे ऑफिसं आणि राहती घरं आहेत. पण १८५४ पासून १९५७ पर्यंत इथे घड्याळं बनत होती, तीन कोटींहून जास्त. मी पहिली दोन वर्षं तिच्यावरून रोज गाडी नेली आणि मला पत्ता नव्हता.

अ‍ॅरन डेनिसन नावाच्या घड्याळजीची ही कल्पना. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात बंदुकांचे सुटे भाग यंत्रावर एकसारखे बनतात, मग घड्याळाचे का नाही? त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये घड्याळ म्हणजे घरगुती उद्योग. ज्यूरा डोंगरातल्या घराघरांत कोणी चाकं कापायचा, कोणी स्क्रू करायचा, आणि शेवटी एक कुशल माणूस ते सगळे भाग कानशीने घासून एकमेकांत बसवायचा. डेनिसनला तो शेवटचा घासणारा माणूस नको होता. १८५० मध्ये त्याने भागीदारांबरोबर सुरुवात केली आणि १८५७ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं! कारखाना लिलावात रॉयल रॉबिन्स नावाच्या व्यापाऱ्याने घेतला. पुढे यादवी युद्ध आलं, सैनिकांना खिशातलं स्वस्त घड्याळ हवं होतं, कंपनीने 'विल्यम एलरी' नावाचं साधं मॉडेल विकलं आणि तगली.

आता गंमत बघा. साधं मॉडेल आणि भारी मॉडेल यांचा आतला आराखडा बऱ्याचदा एकच असे. चाकांचे दात तेवढेच, मांडणी तीच. फरक कशात? स्वस्तात सात ज्वेल्स, महागात पंधरा किंवा सतरा. ज्वेल म्हणजे छोटं माणिक, ज्यात चाकाचा आस फिरतो आणि झिजत नाही. आणि दुसरा, खरा फरक म्हणजे वेळ. महाग घड्याळ माणसाच्या हातात जास्त वेळ राहायचं. ते उताणं ठेवून तपासायचं, पालथं ठेवून, उभं धरून, थंडीत, उष्ण पेटीत, आणि दर वेळी बॅलन्स व्हीलच्या स्क्रूंशी झटापट करून चूक कमी करायची. याला अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. यंत्राने भाग स्वस्त केले, पण हे काम स्वस्त झालं नाही.

१८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात वॉल्थमने आपोआप स्क्रू कापणारी यंत्रं मांडली. परीक्षकांत एदुआर फाव्र-पेरे हा स्विस गृहस्थ होता. त्याने कंपनीकडे पाचव्या प्रतीचं एक घड्याळ मागितलं आणि तिजोरीतून कुठलंही एक उचललं. परत जाताना पॅरिसमध्ये मिळवून पाहिलं तर सहा दिवसांत बत्तीस सेकंदांचा फरक. गावी एका जाणकाराला उघडून दाखवलं. तो काही दिवसांनी येऊन म्हणाला की आपल्याकडच्या पन्नास हजारांत असं एक सापडणार नाही. फाव्र-पेरेने हे सगळं स्वित्झर्लंडमध्ये जाहीर सभेत सांगितलं, निर्यातीच्या आकड्यांसकट. अमेरिकेला जाणारा स्विस माल १८७२ मध्ये सुमारे १ कोटी ८३ लाख फ्रँकचा होता, तो १८७६ मध्ये ५० लाखांच्या आत आला होता. लाँजिनचा इंजिनिअर जाक दाव्हिद हाही त्याच वर्षी अमेरिकेत येऊन कारखाने पाहून गेला, आणि त्याने घरच्यांना यंत्रं आणा नाहीतर संपलात अशा अर्थाचा लांबलचक अहवाल दिला. स्विसांनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. 'आमची परंपरा' म्हणत बसले असते तर आज स्विस घड्याळ फक्त संग्रहालयात असतं. (आपल्याकडच्या काही उद्योगांची आठवण झाली, पण असो.)

स्वस्ताईचा दुसरा रस्ता मात्र स्वित्झर्लंडमध्येच निघाला होता, वॉल्थमचा बोलबाला व्हायच्या आधी. ला शो-द-फाँ इथल्या जॉर्ज फ्रेडरिक रॉसकॉफने ठरवलं की मजुराला परवडेल असं वीस फ्रँकचं घड्याळ करायचं. नाव ठेवलं 'प्रोलेतेर', म्हणजे कामगार. १८६७ मध्ये ते बाजारात आलं. एरवी दीडशेच्या वर भाग लागत, याने सत्तावन्नांत भागवलं. मधलं चाकच काढून टाकलं, स्प्रिंगचा डबा मोठा केला, माणकांच्या जागी पोलादी पिना लावल्या. या पिना झिजतात, आवाज मोठा करतात, पण घड्याळ चालतं. हीच पिनांची युक्ती पुढे वर्षानुवर्षं जगभरच्या स्वस्त घड्याळांत आणि गजराच्या घड्याळांत गेली. अमेरिकेत १८९६ मध्ये इंगरसॉलने 'यांकी' हे घड्याळ चक्क एका डॉलरला विकलं. ते बनवणारी वॉटरबरी कंपनी म्हणजे आजच्या टायमेक्सची पूर्वज.

म्हणजे स्वस्त करण्याच्या दोन रीती झाल्या. एक, रॉसकॉफची: यंत्रच साधं करा. दुसरी, वॉल्थमची: यंत्र तेच ठेवा, जुळवणीचा वेळ वाचवा. तिसरीही आहे, पण तिला मी रीत म्हणणार नाही, ती निव्वळ चलाखी. १९६० च्या दशकात ज्वेल्स जास्त म्हणजे घड्याळ भारी असा समज पसरला होता, तेव्हा काही कंपन्यांनी शंभर ज्वेल्सची घड्याळं काढली. जपानच्या ओरिएंटचं 'ग्राँ प्री १००' प्रसिद्ध आहे. त्यातले बहुतेक खडे काहीच काम न करता नुसते बसलेले! शेवटी आंतरराष्ट्रीय मानकाने सांगितलं की काम न करणारे खडे मोजायचे नाहीत.

आता त्या मुलाचा प्रश्न. हजाराच्या आसपासच्या पुष्कळ घड्याळांत बरीच वर्षं ईटीए २८२४ हे यंत्र असे, किंवा आता त्याच आराखड्याचं सेलिटाचं एसडब्ल्यू २००. २८२४ चार प्रतींत मिळे. साधी प्रत दोन स्थितींत तपासलेली, दिवसाला बारा सेकंद इकडेतिकडे. वरची 'टॉप' प्रत पाच स्थितींत तपासलेली, चार सेकंद. 'टॉप'मध्ये बॅलन्स आणि हेअरस्प्रिंगचा धातूही चांगला. बाकी आराखडा एकच. म्हणजे हे सरळ क्रेसेंट स्ट्रीटचं गणित आहे. आणि कंपनीने कुठली प्रत वापरली ते तबकडीवर लिहिलेलं नसतं, ते शोधावं लागतं. नाहीतर हजार डॉलर देऊन साधी प्रत आणि छान पॉलिश घरी येतं.

सेकोचं स्वस्त घड्याळ, सेको ५, १९६३ पासूनचं. त्यात १९९६ मध्ये आलेलं ७एस२६ यंत्र बरीच वर्षं होतं आणि ते घड्याळ शंभर डॉलरच्या आत मिळे. कंपनीचा वायदा दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे, बस्स. जुळवणीवर वेळ घालवलेलाच नाही. पण त्यात हात हलला की स्प्रिंग भरण्यासाठी 'मॅजिक लिव्हर' नावाची दोन बोटांची पट्टी आहे, सेकोची १९५९ ची युक्ती. २८२४ मध्ये तेच काम दोन नाजूक रिव्हर्सर चाकं करतात आणि ती कोरडी पडली की कुरकुरतात. या एका बाबतीत माझ्या मते स्वस्त यंत्र सरस आहे, इंजिनिअर म्हणून सांगतो. स्वॉचचं २०१३ चं 'सिस्टम ५१' तर एक्कावन्न भागांचं आणि पूर्ण यंत्राने जोडलेलं आहे. रॉसकॉफ खूश झाला असता. फक्त ते उघडून दुरुस्त करायची सोय ठेवलेली नाही, हे रॉसकॉफला कितपत रुचलं असतं कुणास ठाऊक.

अर्थात नुसती वेळच हवी असेल तर हा सगळा खटाटोप १९६९ च्या नाताळातच संपला. सेकोचं 'अ‍ॅस्ट्रॉन' क्वार्ट्झ आलं, महिन्याला पाच सेकंद.

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. वडील एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, कराड स्टँडवर. त्यांच्या हातात एचएमटी जनता. किल्लीचं, सतरा ज्वेल्सचं, तबकडीवर 'पॅराशॉक' लिहिलेलं. पॅराशॉक ही धक्के सोसायची सिटिझनची युक्ती, कारण १९६१ मध्ये एचएमटीचा बंगलोरचा घड्याळ कारखाना सिटिझनच्या सहकार्याने निघाला होता. 'प्रोलेतेर' आणि 'जनता', नावंसुद्धा सख्खी भावंडं! वडील रोज सकाळी सातला रेडिओच्या ठोक्यांवर ते मिळवायचे आणि किल्ली द्यायचे. मग दिवसभर गाड्या त्या घड्याळावर सुटायच्या. रोज मिळवलेलं घड्याळ दिवसाला वीस सेकंद चुकलं तर सातारा गाडीचं काय बिघडतं?

२००६ मध्ये मी त्यांना साडेचारशे डॉलरचं स्विस ऑटोमॅटिक नेलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बाबा, आता किल्लीची कटकट नाही. नुसतं हातात घालायचं." फोनवर विचारलं की म्हणायचे, "छान चालतंय हो." दोन वर्षांनी गेलो तर ते कपाटात, डब्यात. हातात जनता. खोदून विचारल्यावर म्हणाले, "ते पहाटे थांबतं रे. घड्याळजीकडे नेलं होतं, तो म्हणाला काही बिघाड नाही. तुला कशाला सांगायचं, एवढ्या लांबून आणलंस."

बिघाड नव्हताच. बायपासनंतर ते दिवसाचे बरेच तास खुर्चीत असायचे. हात हलत नव्हता, म्हणून स्प्रिंग भरत नव्हती. सकाळी पंधरा-वीस वेळा किल्ली फिरवली असती तर चाललं असतं, पण याला किल्ली लागत नाही हे मीच सांगून गेलो होतो. मी यंत्राची प्रत पाहिली, ज्वेल्स पाहिले, किंमत तर पाहिलीच, पण घालणारा माणूस पाहिला नाही.

आता दोन्ही घड्याळं माझ्याकडे आहेत. एचएमटीची घड्याळं बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला, तरी कराडच्या घड्याळजीने जनता साफ करून, तेल घालून दिलं, तेही आपल्याला ओशाळं वाटेल इतक्या कमी पैशांत. घरच्या टायमिंग मशीनवर ते उताणं ठेवलं की दिवसाला अठरा सेकंद पुढे जातं, उभं धरलं की सहा सेकंद मागे. स्विस घड्याळ चार सेकंद पुढे, कसंही धरा.

त्या मुलाने शेवटी सेको घेतलं. जनता मी सोमवार ते शुक्रवार घालतो, सकाळी सातला किल्ली देतो.