करंगळीचे पेर

नागवेलीला आपण इतके आपले मानले आहे की ती मूळची इथली नसेल, ही शंकाही कुणाला येत नाही. सत्यनारायण असो, लग्नाची सुपारी फोडणे असो किंवा दहाव्याचा विधी, पानावाचून काही चालत नाही. माहूरच्या रेणुकेचा प्रसादही कुटलेल्या पानाचा, तांबुलाचा. तरीही वनस्पतिशास्त्र सांगते ते मान्य करावे लागते: ही वेल मलेशिया-इंडोनेशियाकडच्या बेटांवरील दाट पावसाळी जंगलांतली. बारमाही ओल, झाडांची गर्द सावली आणि चढायला एखादे खोड, एवढेच तिला हवे असते. आमच्या किल्लारी भागात यांपैकी काहीच नाही. वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी, आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन. अशा ठिकाणी ही वेल कशी आली आणि कशी टिकली, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मागे लागला आहे.

पान खाण्याचा फार जुना पुरावा फिलिपिन्समधल्या पलावान बेटावर मिळाला. तिथल्या दुयोंग गुहेत सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा एक सांगाडा सापडला. त्याचे दात रंगलेले होते आणि जवळ चुना ठेवलेले शिंपले होते. म्हणजे त्या माणसासोबत त्याचे चुनाळेही पुरले होते. हे वाचले तेव्हा मला आमच्या घराचा ढिगारा आठवला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे गाव कोसळले. पुढे माती उपसताना आजीचा पितळी अडकित्ता हाती आला, चंचीचे मात्र चिंधूकही राहिले नव्हते. पान खाणाऱ्याच्या मागे नेमके काय उरते, हे पुरातत्त्वाच्या पुस्तकांआधी मला तिथे कळले.

वेदवाङ्मयात तांबूल नाही. चरक-सुश्रुतांच्या संहितांत आणि कामसूत्रात तो आहे. मंदसोरच्या रेशीम विणकरांच्या शिलालेखात तर तो मोठ्या गमतीने आला आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातला हा लेख वत्सभट्टीने रचला. तारुण्य, सोन्याचे हार, तांबूल आणि फुले एवढे सगळे असूनही रेशमी वस्त्राशिवाय स्त्री प्रियकराकडे जात नाही, असे तो सांगतो. जाहिरात रेशमाची, पण तोपर्यंत तांबूल शृंगारात किती मुरला होता ते त्यातून कळते.

'तांबूल' हा शब्दही संस्कृतच्या घरचा दिसत नाही. ख्मेर भाषेत या पानाला 'म्लू' म्हणतात, थाई भाषेत 'फ्लू'. झां प्रझिलुस्की या फ्रेंच पंडिताने गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात या शब्दकुळाशी 'तांबूल'चे नाते जोडले. त्याची सगळीच अनुमाने मला पटत नाहीत, पण हे पटते. वस्तू येते तेव्हा बहुधा आपले नाव सोबत घेऊन येते.

आमच्या मुलखापुरते बोलायचे तर सर्वांत मोलाचा साक्षीदार 'मानसोल्लास'. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात तो रचला. त्याची राजधानी म्हणजे आजचे बसवकल्याण, किल्लारीपासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही भरणार नाही. राजाच्या उपभोगांत तांबूल-भोगाला तिथे स्वतंत्र जागा आहे. श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला हा ग्रंथ बडोद्याहून निघाला. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी तांबुलाच्या इतिहासावर चिकाटीने लिहिले. या विषयाकडे वळणाऱ्याने आधी गोडे वाचावेत, मग माझ्यासारख्यांचे ऐकावे.

पण ग्रंथांत खाणारा दिसतो, पिकवणारा नाही. तो दिसतो लोककथेत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पानमळे करणाऱ्या बारी समाजाची एक कथा आहे. पांडवांच्या यज्ञाला पान हवे होते, पृथ्वीवर ते कुठेच मिळेना. शेवटी पाताळात वासुकीकडे माणूस गेला. नागराणीने आपल्या करंगळीचे वरचे पेर तोडून दिले. ते मातीत पुरले आणि वेल उगवली. म्हणून या वेलीला ना फूल, ना बी. तिचे पेरच लावावे लागते.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. पान आधी इथे नव्हते, दुसऱ्या मुलखातून आणावे लागले, आणि आले ते बियाणे म्हणून नाही, तोडलेले पेर म्हणून. शास्त्रज्ञ याहून वेगळे काय सांगतात? नागवेलीत नर वेल निराळी, मादी वेल निराळी. आपल्या मळ्यांत ती क्वचितच फुलते आणि लागवड फक्त खोडाच्या तुकड्यांवर चालते. दौलताबादला येऊन गेलेल्या इब्न बतूतानेही चौदाव्या शतकात नोंदवले आहे की या वेलीला फळ नसते, ती पानांसाठीच लावतात.

याचा अर्थ नीट पाहिला तर आजच्या मळ्यातली वेल ही जुन्या वेलीची लेक नव्हे, तिचेच अंग आहे. एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले. बी असते तर चार वर्षे मडक्यात राखून ठेवता आले असते. इथे एक उन्हाळा हुकला की सगळे संपले.

म्हणून पानमळ्याची शिस्त कडक. शेवरी, पांगारा, शेवगा आधी वाढवायचे, त्यांच्या सावलीत वेल लावायची, ती वर गेली की खाली उतरवून तिचे वेटोळे मातीत गाडायचे. यालाच उतरण म्हणतात. मळ्यात चप्पल चालत नाही. लोक त्याला सोवळे समजतात, पण मुळे कुजवणारा रोग एका मळ्यातून दुसऱ्यात चिखलाबरोबरच जातो. ज्याने हा नियम पहिल्यांदा घातला तो शहाणा असला पाहिजे. थोडक्यात, त्या बेटांवरचे जंगल अर्ध्या एकरात रोज नव्याने उभे करायचे.

नांदेडकडे अर्धापूर-बारडच्या पट्ट्यात कालव्याच्या पाण्यावर हे अजून जमते. आमच्याकडे विहिरीवर भिस्त. त्यात गुटख्याने गिऱ्हाईक पळवले. राज्यात 2012 साली बंदी आली, तरी पुड्यांची चव लागलेले तोंड पानाकडे परतले नाही. दोष पानाचा नाही. कर्करोगाशी संबंध सिद्ध झाला आहे तो सुपारीचा आणि तंबाखूचा, पण बदनामी वेलीच्याही वाट्याला आली.

औसा तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या बागवानाचा मळा 2016 च्या दुष्काळात गेला. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ते हेच वर्ष. मी त्यांना विचारले, "काका, आता बंद केलं का?" ते म्हणाले, "बंद कसं करावं? बी असतंय व्हय ह्याला? एकदा सोडलं की गेलं." दुसऱ्या वर्षी पाऊस झाल्यावर ते मिरजेजवळ नरवाडला गेले. तिथल्या पानमळ्यातून त्यांनी बेणे घेतले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि एसटीत मांडीवर धरून आणले. आज त्यांच्याकडे चार ओळी आहेत.