कोठा आणि इतिहास

यवतमाळकडच्या जुन्या कोठ्यांविषयी लिहिताना सागवानी खांबांचे, कवेलूंचे कौतुक होते. मी विचारतो : त्या कोठ्यात ढोर मेले की ओढून कोण नेई? गावगाड्याने ते काम महारांवर लादले, मृतमांस खायला लावले आणि त्याच कारणाने आम्हाला विटाळाचे ठरवले. पण इनामगावच्या उत्खननात (१९६८-८३) सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीत कापल्याच्या खुणा असलेली गुरांची हाडे निघाली. म्हणजे गोमांस शेतकऱ्याच्या आहारातच होते. विटाळ मागाहून आला. तो कसा आला, हे बाबासाहेबांनी १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये मांडले. १९२७ साली महाडला मृतमांस सोडण्याची हाकही त्यांनीच दिली. ती ऐकून आमच्या माणसांनी ढोर ओढणे नाकारले. कोठ्याच्या इतिहासात हा नकारही लिहिला गेलाच पाहिजे.