चावडीतला रेडिओ आणि आबांचा रिमोट

आमच्या गावात रेडिओ आला तो कुलूप घेऊनच. मी पहिली-दुसरीत असेन. चावडीत सरकारी रेडिओ बसवला. गावात वीज नव्हती, भल्या मोठ्या बॅटरीवर तो चालायचा. पेटीला कुलूप आणि किल्ली एकाच माणसाच्या कनवटीला. तो रानात गेला की गावाच्या बातम्या बुडाल्या. माझे वडील, आबा, चावडीच्या पायरीवर तासतास त्याची वाट बघायचे.

हे वारं पुण्याहून सुटलेलं. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ सालचं. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, दीडशेच्या आसपास गावांत, शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं निघाली. आठवड्यातून दोनदा माणसं एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायची, मग आपसात वाद घालायची, अडलेलं केंद्राला लिहून कळवायची. नंतर मंडळ नसलेल्या गावांशी ताडून पाहिलं, तर मंडळातल्या माणसांना जास्त उमगलं होतं. मला तर त्यातला वादच महत्त्वाचा वाटतो. नुसतं ऐकायला काय, गोठ्यातली म्हैसबी ऐकते. आमच्या गावात रेडिओ आला, मंडळ काही आलं नाही.

त्याच १९५६ साली अमेरिकेत शिकागोच्या झेनिथ कंपनीनं टीव्हीचा एक बिनतारी रिमोट काढला. त्यात सेलच नव्हता. बटण दाबलं की बारीक हातोडी आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीवर बसायची. त्याचा आवाज माणसाला ऐकू यायचा नाही, टीव्हीला मात्र कळायचा. तिकडं माणूस खुर्चीवरून हलत नव्हता आणि इकडं आबा किल्लीवाल्याची वाट बघत होते.

२००८ साली आबांची उजवी बाजू गेली. खाट मागच्या खोलीत टाकली. थोरल्यानं पुण्याहून जुना रिसीव्हर आणला, रेडिओ लागणारा, ८ ओहमच्या दोन स्पीकरांचा. तो ठेवला सोप्यात. आबांपर्यंत आवाज पोचेना. मी ट्रॅक्टरवरचा ४ ओहमचा जुना स्पीकर काढला, लांब वायर ओढली आणि पाइपलाइनला टी मारावा तशी सोप्यातल्याच एका स्पीकरच्या खुंटीला जोडून टाकली. पाच मिनिटांत रिसीव्हर बंद. चालू केला, परत बंद. तालुक्याचा दुकानदार म्हणाला, मशीन गेलं, नवीन घ्या.

थोरल्यानं फोनवर आधी स्पीकरच्या पाठीवरचा आकडा विचारला. ८ आणि ४ शेजारी-शेजारी जोडले की दोन्ही मिळून पावणेतीनच्याही खाली येतात. मशीनवर ओढ वाढते, ते तापतं आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद पडतं. मग ८ ओहमचा वेगळा स्पीकर आणून मागच्या 'बी' लिहिलेल्या खुंट्यांना लावला, तांबडी तार तांबड्याला, काळी काळ्याला. 'ए' आणि 'बी' एकदम लावायचे नाहीत, अशी घरात सगळ्यांना ताकीद.

आवाज पोचला. आता रिमोट. आताचे रिमोट डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडावर चालतात, भिंत आडवी आली की संपलं. आबा डाव्या हातानं भिंतीकडं रोखून बटण दाबत राहिले. बोलणं जड झालेलं, तरी मला कळलं. म्हणाले, "किल्ली आजूनबी दुसऱ्याकडंच हाय व्हय?"

त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढच्या खेपेला पोरानं एक यंत्र आणलं. काळ्या मण्याएवढा डोळा आबांच्या खाटेसमोर भिंतीवर लावला. त्याची तार माळवदाखालून सोप्यात नेली आणि टोकाचा बारीक दिवा रिसीव्हरच्या काचेवर चिकटवला. आबांनी मागच्या खोलीत बटण दाबलं की डोळा ते टिपायचा आणि सोप्यातला दिवा रिसीव्हरला सांगायचा.

पहिल्याच संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमाला आबांनी आवाज एवढा चढवला की गोठ्यातली म्हैस दचकून उठली. आई ओरडली, "आवो, बारीक करा की!"

आबांनी आणखी चढवला.