तळटीप : 'ओलीस राजपुत्र'

१. ओलीस राजपुत्र : व्हिडिओ गेममधील एक ठरावीक गौण पात्र. ज्याचे नियंत्रण खेळाडूकडे नसते, तर संगणकाकडे असते, अशा पात्राला 'एनपीसी' म्हणतात. पिंजऱ्यात उभा असलेला, कितीही वेळा जवळ गेले तरी तेच एक वाक्य बोलणारा राजपुत्र हा त्याचाच नमुना होय. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ही जागा राजकन्येकडे आहे. अशा पात्राचे काम एवढेच, की त्याच्या सुटकेच्या निमित्ताने नायकाचा प्रवास सुरू व्हावा.

मूळ मजकुरातील 'अहेरीचा राजपुत्र' हा उल्लेख मात्र कल्पित नाही. अहेरी ही जुन्या चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्ह्यातील सर्वांत मोठी जमीनदारी होती; १९८२ मध्ये चंद्रपूरचे विभाजन झाल्यावर हा प्रदेश गडचिरोली जिल्ह्यात आला. तेथील राजगोंड आत्राम घराण्यातील धर्मरावबाबा आत्राम आमदार असताना १९९१ मध्ये नक्षलवाद्यांनी त्यांचे अपहरण केले आणि शिवण्णा या अटकेतील नक्षलवादी नेत्याच्या सुटकेच्या बदल्यात त्यांना सोडले. 'राजपुत्र' हा शब्द येथे राजघराण्यातील पुरुष या सैल अर्थाने घ्यावा, कारण जमीनदाऱ्या १९५१ मध्येच संपुष्टात आल्या होत्या. खेळात सुटका नायकाच्या पराक्रमाने होते, तर येथे ती देवाणघेवाणीने झाली. शिवाय सुटलेले आत्राम पुढे राज्यात मंत्री झाले, म्हणजे पडद्यावरील राजपुत्राप्रमाणे त्यांची कथा सुटकेपाशी थांबली नाही.