वर्षानंतरचा रकाना

गुडघ्याचं किंवा खांद्याचं ऑपरेशन झालं की टाके निघेपर्यंत सगळ्यांचं लक्ष असतं. नातेवाईक येऊन बघून जातात, डॉक्टर राउंडला येतात, फिजिओथेरपिस्ट रोज सांधा वाकवून घेतो. मग ही वर्दळ ओसरते. जिना चढता यावा, रात्री त्या कुशीवर झोपता यावं, म्हणून ऑपरेशन केलेलं असतं. ते साधलं की नाही, हे कळतं त्यानंतरच. अस्थिरोगशास्त्रात या प्रश्नाचा पाठपुरावा करणारं 'आउटकम' संशोधन आज चांगलंच फोफावलं आहे. त्याचं कूळ शोधत मागे गेलं तर आपण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बॉस्टनमध्ये पोचतो, खांद्याच्या एका सर्जनच्या छोट्याशा कार्डापाशी.

अर्नेस्ट एमरी कॉडमन (१८६९–१९४०) हार्वर्डमध्ये वैद्यक शिकले. तेव्हा ईथर देऊन रुग्णाला बेशुद्ध करण्याचं जोखमीचं काम विद्यार्थ्यांवर सोपवलेलं असे, आणि टेबलावरच रुग्ण दगावण्याचे प्रसंग येत. कॉडमन आणि त्यांचे सहाध्यायी हार्वी कुशिंग (हेच पुढे मेंदूचे थोर सर्जन म्हणून गाजले) यांनी १८९४-९५च्या सुमारास ऑपरेशन चालू असताना रुग्णाची नाडी आणि श्वास कागदावर टिपायला सुरुवात केली. भूल कोण जास्त चांगली देतो यावर दोघांची जेवणाची पैजही लागली होती. भूलतज्ज्ञ आज जो तक्ता भरतात त्याचा उगम या कागदांत आहे. कॉडमन पुढे आयुष्यभर जे करत राहिले ते मला इथेच दिसतं. नोंद ठेवायची, आणि ती दुसऱ्याच्या नोंदीशेजारी मांडून बघायची.

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुजू झाल्यावर त्यांनी खांदा हा अभ्यासाचा विषय घेतला. हात बाजूला उचलायला मदत करणाऱ्या सुप्रास्पिनेटस स्नायूची फाटलेली शीर त्यांनी शिवली आणि अशा दोन यशस्वी ऑपरेशनांचा वृत्तांत १९११ साली छापला. या कामातच त्यांच्या पुढच्या आग्रहाचं मूळ असावं, असं मला वाटतं. अपेंडिक्स काढलं तर रुग्ण वाचला की नाही हे आठवड्याभरात समजतं. खांद्याची शीर शिवली तर जखम भरून रुग्ण घरी जातो, आणि हात डोक्यावर जातो की नाही हे कळायला कित्येक महिने थांबावं लागतं. रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात किती रुग्ण आले, किती ऑपरेशनं झाली, किती मृत्यू झाले, हे सगळं असे. महिन्यांनंतरच्या त्या हाताला मात्र अहवालात जागा नव्हती.

कॉडमननी ती जागा कार्डावर केली. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड. त्यावर तक्रार काय होती, ऑपरेशनआधीचं निदान काय, कोणतं ऑपरेशन केलं, रुग्णालयात असताना काय गुंतागुंत झाली, घरी सोडताना निदान काय ठरलं. शेवटचा रकाना मुद्दाम कोरा सोडलेला. वर्षानंतर रुग्णाला बोलावून किंवा पत्र पाठवून तो भरायचा. याला ते 'एंड रिझल्ट' म्हणत. परिणाम ठरवल्याप्रमाणे आला नसेल तर का आला नाही, याचंही कारण लिहायचं आणि त्यासाठी अक्षरांचे संकेत ठरलेले: हात चुकला, निर्णय चुकला, निदान चुकलं, काळजी किंवा साधनं कमी पडली, रोगच हाताबाहेरचा होता, रुग्णाने उपचार नाकारले. कोणाच्याच हातात नसलेल्या आपत्तींसाठीही एक अक्षर होतं. डॉक्टरच्या बाजूच्या चार चुका यादीत सगळ्यांत वर होत्या.

१९१० सालच्या इंग्लंड दौऱ्यात, फ्रिमलीचं आरोग्यधाम पाहून घोडागाडीने लंडनला परतताना त्यांनी ही कल्पना फिलाडेल्फियाचे सर्जन एडवर्ड मार्टिन यांना ऐकवली. त्या वाटेवरच्या गप्पांचा धागा पुढे १९१३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सपर्यंत गेला. तोवर कॉडमननी बॉस्टनच्या पिंकनी स्ट्रीटवर स्वतःचं लहानसं रुग्णालय काढून कार्डाचा वापर सुरूही केला होता. १९११ ते १९१६ या पाच वर्षांत तिथून ३३७ रुग्ण घरी गेले, आणि कॉडमननी १२३ चुका नोंदवल्या. त्या त्यांनी पुस्तकात छापल्या आणि ते पुस्तक देशभरच्या रुग्णालयांना धाडलं. पित्ताशयाच्या एका ऑपरेशनमध्ये नको ती नळी त्यांच्या हातून बांधली गेली आणि रुग्ण दगावला, हेही त्यात आहे. आजसुद्धा हा मजकूर वाचताना छातीत धस्स होतं. वकिलाच्या नोटिशीपेक्षा चुकीचं कारण सापडणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं.

समव्यावसायिकांना हे मानवणं अवघड होतं. मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये बढती ज्येष्ठतेने मिळे. कॉडमनचं म्हणणं, ती परिणामांवरून मिळावी. १९१४ साली त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला आणि लगेच मुख्य सर्जनच्या पदासाठी अर्ज केला. आधार एवढाच की गेल्या दहा वर्षांतले आपले परिणाम इतरांपेक्षा चांगले आहेत, तपासून पाहा. ६ जानेवारी १९१५च्या वैद्यक सभेत त्यांनी आठ फुटी व्यंगचित्र उघडलं. वाळूत डोकं खुपसलेला शहामृग म्हणजे बॉस्टनच्या बॅक बे भागातले श्रीमंत रुग्ण, तो मागे डॉक्टरांकडे सोन्याची अंडी ढकलतोय, आणि खरे परिणाम कळले तर तो अंडी घालत राहील का, या विचारात विश्वस्त पडलेत. सभेत गदारोळ झाला. स्थानिक संस्थेचं अध्यक्षपद गेलं, हार्वर्डची शिकवणी गेली, रुग्ण पाठवणारे डॉक्टर पाठवेनासे झाले. चित्र काढलं नसतं तर कार्ड लवकर रुजलं असतं, असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. त्याआधी कित्येक वर्षं ते सभ्य भाषेत हेच सांगत होते.

कल्पना मात्र मेली नाही. कॉलेज ऑफ सर्जन्सने शंभर किंवा अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा अगदी किमान निकषांत फक्त ८९ बसली. १९१९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात आकडा जाहीर झाला, पण रुग्णालयांची नावं वर्तमानपत्रांच्या हाती लागू नयेत म्हणून यादी तळघरातल्या भट्टीत जाळण्यात आली. कॉडमननी पुढे हाडांच्या कर्करोगाची नोंदवही उभारली आणि १९३४ साली खांद्यावरचा आपला ग्रंथ स्वतःच्या पैशाने छापला. आपल्याकडे दवाखान्यात रोज ऐकू येणारं 'फ्रोझन शोल्डर' हे नाव त्यातलंच. कंबरेतून वाकून हात लोंबता ठेवत झुलवायचा तो व्यायामही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

कार्डाची पुढची पिढी जन्मली ती कृत्रिम गुडघा आल्यावर. १९७०च्या दशकात एकापेक्षा एक नमुने बाजारात येऊ लागले. कोणता चांगला, हे ठरवायला मोजमाप हवं होतं. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत शंभर गुणांचा तक्ता तयार झाला: वेदनेला ३०, हालचाल-कामाला २२, गुडघा किती वाकतो याला १८, स्नायूंची ताकद, गुडघा पूर्ण सरळ होणं आणि स्थैर्य यांना प्रत्येकी १०. या तक्त्यामागचं एक मोठं नाव आहे मध्य प्रदेशात जन्मलेल्या चित्तरंजन राणावतांचं. जॉन इन्सॉल आणि इतरांसोबत चार नमुन्यांची तुलना करणारा त्यांचा १९७६चा लेख या विषयात पायाभूत मानतात. हेच राणावत ऑक्टोबर २०००मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन करत होते. पुढच्या वर्षी उजव्याचं झालं. सांधा बदलता येतो ही गोष्ट त्या बातम्यांनी आपल्या घराघरांत पोचवली.

खांद्यासाठी क्रिस्टोफर कॉन्स्टंट आणि ॲलन मर्ली यांचा तक्ता १९८७ साली आला. वेदनेला १५, रोजच्या कामांना २०, हालचालीला ४०, ताकदीला २५. म्हणजे शंभरातले पासष्ट गुण डॉक्टरच्या मोजपट्टीचे आणि वजनकाट्याचे. इथेच एक खोट होती. ज्याने ऑपरेशन केलं तोच मोजतो, आणि त्याला जे मोजता येतं तेच मोजलं जातं. सांधा एकशेवीस अंश वाकला म्हणून डॉक्टर खूश, आणि बाई रात्रभर ठणकतोय म्हणून जाग्या, असं सर्रास घडतं.

म्हणून ऑक्सफर्डच्या गटाने मोजपट्टी बाजूला ठेवली आणि कागद रुग्णाच्या हाती दिला. खांद्याची प्रश्नावली १९९६ची, गुडघ्याची १९९८ची, दोन्हींत बाराच प्रश्न. रुग्णांच्या मुलाखतींतूनच ते निवडलेले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००९पासून गुडघा आणि खुबा बदलणाऱ्या रुग्णांकडून ऑपरेशनआधी आणि सहा महिन्यांनी अशा प्रश्नावल्या भरून घ्यायला सुरुवात केली. कॉडमनचा कोरा रकाना अखेर रुग्णाने स्वतःच्या हाताने भरला.

प्रश्नावली मात्र ज्या घरात जन्मते त्या घराच्या सवयी सोबत आणते. ऑक्सफर्डची खांद्याची प्रश्नावली विचारते: काटा आणि सुरी एकाच वेळी वापरता येते का, जेवणाचा ट्रे खोलीतून पलीकडे नेता येतो का, कपाटात कपडे टांगता येतात का. सोलापूरच्या आजींना यातलं काय विचारायचं? वेणी घालता येते का, पदर खांद्यावरून मागे टाकता येतो का, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का, हे त्यांचे प्रश्न. गुडघ्याचं तर विचारूच नये. मांडी घालून पंगतीला बसणं, पाटावर बसून पूजा, उकिडवं बसून भांडी घासणं, शौचाला बसणं. उकिडवं बसायला गुडघा १३० अंशांच्याही पुढे वाकावा लागतो, आणि बदललेले बरेच गुडघे तिथवर पोचत नाहीत. शब्दांचं मराठीकरण करून ही उणीव भरत नाही, प्रश्नच इथल्या घरांतून गोळा करावे लागतात.

एकेका रुग्णाचं कार्ड मोठं होत होत देशाची नोंदवही झालं, ते स्वीडनमध्ये. १९७५पासून तिथे बदललेल्या प्रत्येक गुडघ्याची नोंद ठेवायला सुरुवात झाली. कोणता नमुना किती वर्षांनी काढून पुन्हा बसवावा लागला, हे आकड्यांत दिसू लागलं आणि निकृष्ट नमुने मागे पडले. पण पुन्हा ऑपरेशन झालं नाही म्हणजे गुडघा बरा आहे असं नसतं. दुखणं सोसत बसलेला माणूस अशा नोंदवहीत यशस्वीच गणला जातो. इंग्लंड-वेल्सच्या नोंदणीतल्या आठ हजारांवर रुग्णांना थेट विचारलं, तेव्हा २००७च्या अहवालात जवळपास ८२ टक्के समाधानी निघाले. उरलेले १८ टक्के रुग्णालाच विचारल्यामुळे दिसले.

आणि समाधान मिळालं, तरी ते ऑपरेशनमुळेच का? हा प्रश्न कॉडमनच्या कार्डावर नव्हता. तो धसाला लावला अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांनी. गुडघ्याची झीज झालेल्यांची दुर्बिणीने सफाई करणं तेव्हा सर्रास चाले. त्यांनी १८० रुग्णांचे तीन गट केले. कोणाला काय मिळणार ते ऑपरेशन थिएटरमध्ये लिफाफा उघडल्यावर सर्जनला कळे. एका गटाचा सांधा धुतला, दुसऱ्याचा धुऊन खरवडला. तिसऱ्या गटाला त्वचेवर फक्त तीन छेद. सर्जन नेहमीप्रमाणे हत्यारं मागून घेई, सांधा धुतल्याचा आवाज यावा म्हणून पाणी शिंपडलं जाई, वेळही तेवढाच लावला जाई. आपल्या वाट्याला नुसतं नाटक येऊ शकतं आणि त्याने झिजेवर काही उपाय होणार नाही, हे प्रत्येक रुग्णाने आधी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेलं होतं. दोन वर्षं पाठपुरावा झाला. २००२ साली निकाल छापला: खरं ऑपरेशन झालेल्यांचं दुखणं नुसते छेद घेतलेल्यांपेक्षा कमी झालेलं नव्हतं.

फिनलंडमध्ये १४६ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. वयोमानाने फाटलेल्या गुडघ्याच्या गादीचा तुकडा कापून काढण्याने वर्षानंतर फरक पडला नाही, असं २०१३ साली दिसलं. मग पाळी खांद्याची. खांद्यावरच्या हाडाची खालची बाजू तासून शिरेला जागा करून देण्याचं ऑपरेशन चार्ल्स नीअर यांच्या १९७२च्या लेखापासून लोकप्रिय झालेलं. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांतल्या ३१३ रुग्णांवरचा अभ्यास २०१८ साली आला. हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घालून पाहिलेले, दोघांना सारखाच आराम. काहीही न केलेल्या गटापेक्षा दोघे किंचित बरे, पण तो फरक रुग्णाला जाणवावा इतका नव्हता. या अभ्यासांचा अर्थ 'ऑपरेशनं फसवी असतात' असा कोणी काढू नये. पूर्ण झिजलेला गुडघा बदलणं हे फार मोठं वरदान आहे. कोणत्या रुग्णाला कोणतं ऑपरेशन करू नये, एवढंच हे अभ्यास सांगतात, आणि तेवढं कळणंही लाखमोलाचं आहे.

आपल्याकडे ऑगस्ट २०१७मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला लगाम घातला. कोबाल्ट-क्रोमियमचा दीड लाखाच्या वर जाणारा गुडघा ५४,७२० रुपयांवर आला, कर वेगळा. गरजूंसाठी ही मोठी गोष्ट झाली. परिणामांच्या बाबतीत मात्र खुबा-गुडघ्याच्या सर्जनांच्या संघटनेची नोंदवही ऐच्छिक आहे. ज्याला वाटेल तो सर्जन भरतो. खरा घोर पाठपुराव्याचा. रुग्ण बीडहून पुण्याला येऊन ऑपरेशन करून जातो, फॉर्मवरचा मोबाइल नंबर पुतण्याचा असतो, वर्षाने तो नंबर बदललेला असतो. बरं वाटत असेल तर भाडं खर्चून तपासणीला कोण येतं, आणि बरं नसेल तर माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. यावर तोडगा फार खर्चाचा नाही. डिस्चार्जच्या कागदावर दोन नातेवाइकांचे नंबर, आणि वर्षाने फोन करणारी एक फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिका, जिने ते ऑपरेशन केलेलं नाही. "काकू, मांडी घालता येते का? जिना उतरताना कठडा धरावा लागतो का? रात्री दुखण्याने जाग येते का?" दहा मिनिटांत रकाना भरून होतो.