मद्य, वय आणि कायदा : गोमंतकाच्या उत्तर सीमेवरून



स्मृतिव्याख्यानासाठी मी हा विषय निवडला म्हणून काहींना नवल वाटले असेल. ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते स्वतः पूर्ण निर्व्यसनी होते. परंतु वर्गात दारूचे दुष्परिणाम सांगताना, माडावर चढणाऱ्या रेंदेराचा मुलगा मान खाली घालून बसणार नाही, याची ते काळजी घेत. आज या सभागृहात रेंदेरांची, काजूची भट्टी लावणाऱ्यांची आणि मद्यालये चालविणाऱ्यांची मुले-नातवंडे बसली आहेत. त्यांच्यापैकी कोणाचाही अधिक्षेप न करता मला एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मद्य विकत घेण्याचे कायदेशीर वय खाली आणावे काय?

हा प्रश्न काल्पनिक नाही. हरियाणाने २०२१ मध्ये ही मर्यादा २५ वरून २१ वर आणली. त्याच वर्षी दिल्ली सरकारनेही तसाच मनोदय जाहीर केला. पुढे ते अबकारी धोरणच गुंडाळावे लागले. कर्नाटकाने जानेवारी २०२३ मध्ये २१ वरून १८ वर येण्याचा मसुदा प्रसिद्ध केला आणि लोकांचा विरोध पाहून काही दिवसांतच मागे घेतला. याउलट केरळाने २०१७ मध्ये २१ चे २३ केले. म्हणजे एकाच देशात कोणी पायरी उतरत आहे, तर कोणी चढत आहे. अशा वेळी आपल्या पेडणे-डिचोलीचा इतिहास काय सांगतो, ते पाहणे उपयुक्त ठरेल.

डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले. नव्या काबिजादीतील या मुलखात सत्ता बदलली, तरी घरादारांतील रीतिरिवाज फारसे बदलले नाहीत. किनारपट्टीवर माडाची सूर होती, डोंगरउतारावर काजू होता. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले. पण कोळंबीत बोंडे तुडवून रस काढण्याची, त्यापासून हुर्राक आणि फेणी गाळण्याची विद्या मात्र आपल्या कष्टकऱ्यांनी आपलीशी केली. राखणदाराला सोरो-रोट देण्याची प्रथा तुम्हा सर्वांना माहीत आहे. तेथेही नैवेद्य कोणी दाखवावा, कोणी दूर उभे राहावे, हे ठरलेले असे. मद्य समाजात होते. परंतु ते मोकाट नव्हते.

राज्यकर्त्यांचे लक्ष मात्र वेगळ्या गोष्टीकडे होते. माडावर कर होता, भट्टीवर कर होता, विक्रीचा मक्ता होता. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज तहाने मिठाबरोबर गोव्याची अबकारीही ब्रिटिशांच्या हिशेबात ओढली गेली. शेजारच्या मुंबई इलाख्याचा महसूल बुडू नये, हा त्यामागील हेतू होता. १८९२ मध्ये तो तह संपला, पण दृष्टी तीच राहिली. माड मोजले गेले, पिणाऱ्याचे वय कोणी मोजले नाही. ते मोजावयाचे म्हटले तरी लेखी वय हवे. गोव्यात नागरी जन्मनोंदणी सुरू झाली ती १९१४ पासून. तोवर कोण लहान आणि कोण मोठा, हे ठरविणारी यंत्रणा गावाच्या स्मरणातच होती.

ती यंत्रणा कशी चाले, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. १९६० च्या सुमारास, दहा-अकरा वर्षांचा असताना, शेजारच्या घरी सान्नांचे पीठ फुगविण्यासाठी लागणारी सूर आणावयास मी जात असे. रेंदेर सकाळी उतरविलेली गोड सूर मलाही घोटभर देई. एकदा मी मित्राच्या भरीस पडून संध्याकाळी गेलो. दुधाणीतील सूर आता फसफसत होती. त्याने माझ्याकडे नुसते पाहिले आणि म्हणाला, "बापायक इचारून यो, मागीर दितां." मी अर्थातच परत गेलो नाही. त्या माणसाला कोणताही कायदा ठाऊक नव्हता, सही करता येत नव्हती. परंतु सकाळची सूर कोणाला द्यावी आणि संध्याकाळची कोणाला देऊ नये, याचा विवेक त्याच्याजवळ होता. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मी कोणाचा मुलगा हे त्याला ठाऊक होते.

सीमेपलीकडे याच काळात वेगळा प्रयोग चालू होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यान्वये १९५० पासून मुंबई राज्यात सरसकट दारूबंदी आली. बांदा, सातार्डा, आरोंदा या बाजूला बंदी आणि तेरेखोलच्या अलीकडे मुक्त व्यवहार, अशी स्थिती झाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तरी हा भेद राहिला. १९६७ च्या जनमत कौलात तो प्रचाराचा मुद्दा बनला. विलीनीकरण झाल्यास महाराष्ट्राची दारूबंदी येथे येईल आणि रेंदेरांची चूल विझेल, असे 'दोन पानां'चे प्रचारक सांगत. त्या भीतीत तथ्यांश होता, हे आज मान्य केले पाहिजे. तरीही 'फुला'ला, म्हणजे विलीनीकरणाला, पेडणे आणि डिचोली या तालुक्यांनी बहुमत दिले. सूर आणि फेणी काढणाऱ्या या भागाने धंद्यापेक्षा भाषा मोठी मानली, असे मला वाटते. एकूण कौल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी विरोधात गेला, हे सर्वज्ञात आहे.

त्या वेळी मी सतरा वर्षांचा होतो. घोषणा देऊन माझा घसा बसला, पण मत देता आले नाही; कारण मतदानाचे वय २१ होते. १९८९ मध्ये ६१ वी घटनादुरुस्ती अमलात येऊन ते १८ झाले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आज वय कमी करावे म्हणणारे तरुण हाच दाखला देतात. अठराव्या वर्षी सरकार निवडता येते, सैन्यात जाता येते, करारावर सही करता येते; मग पेल्यापुरतेच आम्ही अजाण कसे? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाराष्ट्रात तीव्र मद्यासाठी २५ आणि बिअर-वाइनसाठी २१ अशी मर्यादा आहे. तिच्याविरुद्ध २०११ मध्ये एका तरुण चित्रपट अभिनेत्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. पंचविशीची अट कागदावर ठेवून सर्वत्र राजरोस विक्री होऊ देणे म्हणजे तरुणांना कायद्याची अवज्ञा शिकविणे होय, हेही मला मान्य आहे.

तरीदेखील मत आणि मद्य यांची तुलना मला पटत नाही. चुकीच्या मताची दुरुस्ती पाच वर्षांनी करता येते. शिवाय मत विकून कोणी नफा मिळविला, तर आपण त्याला गुन्हा म्हणतो. मद्याच्या बाबतीत मात्र तरुणाच्या उतावळेपणावरच कोणाचा तरी व्यापार उभा असतो. अमेरिकेचा अनुभव येथे बोलका आहे. १९७१ मध्ये तेथे मताधिकाराचे वय १८ झाले आणि त्याच न्यायाने अनेक राज्यांनी मद्याचे वयही खाली आणले. रस्त्यावरील तरुणांचे मृत्यू वाढलेले दिसले, तेव्हा १९८४ मध्ये केंद्रीय कायदा करून, महामार्गांच्या निधीचा लगाम लावून, राज्यांना पुन्हा २१ वर आणावे लागले. येथे वारंवार ज्या पोर्तुगालच्या मोकळेपणाचे दाखले दिले जातात, त्या पोर्तुगालनेही बिअर आणि वाइनसाठी असलेली १६ ची मर्यादा २०१५ मध्ये १८ वर नेली.

आपल्याकडे काय बदलले, ते पाहा. हरमल, मांद्रे, मोरजी येथे पर्यटन आले. डिचोलीत खाणी आणि ट्रक यांचा पैसा आला आणि २०१२ च्या खाणबंदीने तो एकाएकी थांबलाही. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या विमानतळावर विमाने उतरू लागली. पत्रादेवी आणि दोडामार्ग ओलांडून पलीकडची मुले अलीकडे येतात, कारण गोव्यातील मर्यादा महाराष्ट्राच्या पंचविशीपेक्षा खालची आहे आणि बाटली स्वस्त आहे. विकणारा आता गिऱ्हाइकाला ओळखत नाही. पुष्कळदा तो स्वतःच परगावचा असतो.

महाविद्यालयात शिकवीत असताना माझा पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी रात्री दुचाकीवरून घरी परतताना गेला. किनाऱ्यावरील कोणत्या तरी ठिकाणी तो प्याला होता. मी घरी भेटावयास गेलो, तेव्हा त्याचे वडील दोषारोप करीत नव्हते. ते एवढेच म्हणाले, "सर, आमच्या वाड्यावरच्या दुकानात त्याला कुणी दिली नसती." या वाक्यावर मी अनेक वर्षे विचार केला आहे. त्या वाड्यावरही मद्य होते, पण तेथे नाही म्हणणारा माणूस होता.

माझ्या मते कायद्यातील वयाचा आकडा हा त्या माणसाचा बदली शिक्षक आहे. मूळ शिक्षकाची सर त्याला येत नाही. परंतु मूळ शिक्षक निघून गेल्यावर बदली शिक्षकालाही घरी पाठवावयाचे, हे शहाणपणाचे नव्हे. म्हणून वय खाली आणू नये, असे माझे मत आहे. ते पाळलेही गेले पाहिजे. शिक्षा कोवळ्या मुलाला न होता वय न विचारणाऱ्या परवानाधारकाला व्हावी, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सरकारांनी विचारविनिमय करून एकच मर्यादा ठरवावी. एका पुलाच्या दोन टोकांना दोन वये असतील, तर पूल ओलांडणे हाच मोठेपणा ठरतो.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्या कारागिरांच्या विद्येला मान्यता मिळाली, याचा मला अभिमान आहे. त्या विद्येबरोबर "बापायक इचारून यो" म्हणणारा विवेकही वारशात आला आहे. आपल्यापैकी जे आज दुकानाच्या गल्ल्यावर बसतात, त्यांनी तो चालू ठेवावा, अशी या शाळेचा एक जुना विद्यार्थी म्हणून माझी विनंती आहे.